चोवीस नंबरातली शिट्टी

३ मार्च, मंगळवार

केलं. करायला नको होतं, पण केलं — मामाच्या चोवीस नंबरात शिट्टी घातली!

नीट लिहितो, नाहीतर पुढे मलाच कळायचं नाही. मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ, आमच्याच घरात राहतो. बालनाटकात कीबोर्ड वाजवतो. बावीस वर्षं तेच नाटक! कीबोर्डात कंपनीचे आवाज असतातच, पण त्यांना तो 'तयार कपडे' म्हणतो. स्वतःचे चौसष्ट आवाज त्यानं बसून शिवलेत आणि नंबर देऊन साठवून ठेवलेत. त्यातला चोवीस नंबर म्हणजे त्याचा जीव की प्राण. खाली व्हायोलिनं, त्यावर बाईमाणसाचा लांब 'आ', त्यावर दुरून घंटा. तीन थर. हरवलेली मुलगी शेवटी घरी येते तेव्हा हा वाजतो. दोन वर्षं खपला म्हणे त्याच्यासाठी. तेही स्क्रीनवरचे आकडे न बघता. "कानानं बनव रे. आकडे बघून आवाज बनवायचा म्हणजे घड्याळ बघून हसायचं."

आज दुपारी तो न्हाव्याकडे गेला. मी चौथा थर लावला — नुसता एक बारीक सूर, चार सप्तकं वर. टीईईई! स्टोअर दाबलं. यंत्रानं विचारलं, जुना पुसून त्यावर लिहू का? लिही बाबा.

मजा अशी की मामाला ती शिट्टी ऐकूच येणार नाही. बोललेलं येतं. वरचं बारीक गेलंय. हे फक्त मला ठाऊक आहे. मागच्या महिन्यात फ्रिजचं दार उघडं राहिलं होतं. टीं टीं टीं चाललेलं आणि हा शेजारीच बसून पेपर वाचतोय! पान उलटलं, कान खाजवला, परत पेपर. मी दारात उभा राहून पोट धरून हसलो. आणि कुणाला बोललो नाही. अशी गोष्ट जपून ठेवायची असते.

४ मार्च, बुधवार

तालीम. मामानं चोवीस लावला, डोळे मिटले, मान डोलवायला लागला. ड्रमवाल्याच्या हातातली काठी पडली. "आईगं! हे काय?" नाटकाच्या बाई — नाटक त्यांचंच, त्या म्हणतील ती पूर्व — त्यांनी इकडे तिकडे बघितलं. "मास्तर, काहीतरी वाजतंय."

मामा खुश. "वाजणारच! आज बोट छान पडतंय."

मी कुत्र्याच्या बटणावर बोट ठेवून गप्प. माझं काम तेवढंच — मामाच्या बाकावर, स्पीकरच्या बाजूला बसायचं आणि छोट्या कीबोर्डवर कुत्रा, दार, मोटार, वीज वाजवायची. दोन वर्षं झाली. स्पीकर इतका जवळ की वीज पडली की माझी पँट हलते.

५ मार्च, गुरुवार

कुणीतरी विचारेल, एवढा डूख कशाला? तर दोन वर्षांपूर्वी, माझा पहिलाच दिवस, सगळ्या नाटक कंपनीसमोर मी एक सूर चुकलो. मामा म्हणाला, "अरे, कपालाही कान असतो. तो निदान धरायला तरी उपयोगी पडतो. तुझे दोन कशाला दिलेत?"

तेव्हापासून माझं नाव कप. बाई कप म्हणतात. ड्रमवाला कप म्हणतो. पडदा ओढणारा, ज्याला स्वतःला धड दोरी ओढता येत नाही, तोही "ए कप!" आई एकदा चुकून म्हणाली.

आता बघू कुणाचे कान कशाला उपयोगी पडतात.

७ मार्च, शनिवार

आज शिट्टी जरा मोठी केली. आईची रात्रपाळी, दुपारी ती झोपते, म्हणून मी सगळं हेडफोनवरच करतो. नेहमीच. फुल्ल आवाज. मामा येता-जाता सांगतो, "कमी कर रे, कानाचे पडदे म्हणजे काय खिडकीचे पडदे आहेत का, फाटले की नवे शिवायला?" सांगतंय कोण बघा!

हेडफोनची वायर ढिली झाली असावी. मंगळवारी शिट्टी केवढी टोचत होती, आज बारीक लागली. म्हणून तिचा आवाज अजून चार आकडे वाढवला. तास-दीड तास तेच चाललं. हेडफोन काढल्यावरही कानात वाजत होती बराच वेळ. गंमतच. जेवतानाही वाजत होती.

८ मार्च, रविवार

प्रयोग! हाऊसफुल्ल. आज जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

शेवटचा प्रवेश. मुलगी दार ढकलून आत येते. (दार मी वाजवलं. छान वाजलं.) मामा चोवीस लावतो — आणि पुढच्या रांगेतल्या सगळ्या पोरांनी एकदम कानात बोटं घातली! एकाच वेळी! कवायत असावी तशी! एक बारकी तर भोकाड पसरून रडायला लागली. आईच्या कुशीत तोंड खुपसलं तिनं.

मामानं तिला बघितलं. वाजवता वाजवता माझ्याकडे वाकला, डोळे भरलेले. म्हणाला, "बघितलंस? बावीस वर्षं झाली. चोवीस नंबर अजून रडवतो."

मी "हो मामा" म्हटलं आणि वीज पाडली. वीज त्या प्रवेशात नाहीच. पण हसू आवरायला काहीतरी करायला हवं होतं.

ड्रमवाला नंतर म्हणाला दात दुखायला लागले. सगळे उगाच नाटकं करतात. एवढी काही नाहीये ती. बारीक तर आहे.

९ मार्च, सोमवार

थोडी अजून वाढवली.

११ मार्च, बुधवार

आज बाईंनी धरलं त्याला.

तालीम थांबवली. म्हणाल्या, "मास्तर, जरा तिकडे तोंड करून बसा. भिंतीकडे." मामाला वाटलं काहीतरी खेळ आहे. शाळकरी पोरासारखा वळून बसला. मग बाई मला म्हणाल्या, "कप, चोवीस लाव. एकच पट्टी दाबून ठेव."

मी दाबली. मीच.

ड्रमवाल्यानं कान झाकले. बाईंनी झाकले. पडदेवाला चक्क बाहेर पळाला. मामा भिंतीकडे बघत हसत होता.

"काय काय ऐकू येतंय, मास्तर?"

"व्हायोलिन. 'आ'. आणि घंटा."

"आणि?"

"आणि काय?"

"अजून एक."

मामानं मान तिरकी केली. मग दुसरीकडे तिरकी केली. मग कानामागे हात धरला. हसू होतं अजून तोंडावर, पण ते कुणीतरी चिकटवल्यासारखं. "थांबा हं... घंटेच्या पुढचं म्हणताय का? हं. येतंय की. येतंय थोडं."

बाईंनी मला खूण केली. मी बोट उचललं. सगळं बंद. एकदम शांत.

"आत्ता येतंय का?" बाईंनी विचारलं. ओठावर बोट ठेवून, बाकीच्यांना गप्प करत.

"आत्ता... हो. बारीक येतंय," मामा म्हणाला. भिंतीला.

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील.

१२ मार्च, गुरुवार

मामानं घरी कीबोर्ड उघडून चोवीस नंबर तपासला. स्क्रीनवर चार थर. चष्मा लावून, पुसून, परत लावून बघितलं. आता सापडलो असं वाटून मी चप्पल घालून तयार होतो!

तर म्हणतो काय, "माझ्याच हातून राहिलं हे. कधीतरी घंटा शोधताना लावला असेल आणि काढायचा विसरलो. किती वर्षं वाजवतोय कुणास ठाऊक. लोकांची पोरं रडवली मी." मग माझ्याकडे वळून — "तुला येत होतं ना ऐकू? सांगायचं तरी!"

मी म्हटलं, "मला वाटलं तू मुद्दाम ठेवलंयस."

किती पटकन सुचलं! परीक्षेत असं सुचलं असतं तर दोनदा नापास झालो नसतो. तो थर काही मामा काढत बसला नाही. बंद केला कीबोर्ड, वर रुमाल घातला.

आई त्याच्याजवळ बसली होती. "दादा, अरे वयानं होतं. त्यात लाजायचं काय?"  मामाची बोटं टेबलावर चालली होती. शेवटच्या प्रवेशाचीच बोटं. मी ओळखली.

१३ मार्च, शुक्रवार

बाईंचा फोन. कान नसलेला माणूस बाकावर नको म्हणाल्या. अगदी तसं नाही म्हणाल्या, गोड म्हणाल्या — "मास्तरांनी आता विश्रांती घ्यावी."

आणि मला म्हणाल्या, "कप, सगळी गाणी येतात ना तुला? रविवारपासून तू बस. कीबोर्ड मास्तरांचाच वापरू, ते नाही म्हणणार नाहीत."

मला! मोठ्या कीबोर्डवर! कुत्रा आता दुसरा कुणीतरी वाजवेल!

मामानंच स्वतः सगळ्या वायरी गुंडाळून दिल्या. प्रत्येकीला चिठ्ठी लावलेली. म्हणाला, "चोवीसमधला तो चौथा थर तू काढ. माझ्याच्यानं ते व्हायचं नाही, मला कळणारच नाही गेला की राहिला." मग म्हणाला, "कानानं काढ हं. आकड्यावर जाऊ नकोस."

१५ मार्च, रविवार

पहिला प्रयोग. चोवीसच्या जागी तयार व्हायोलिन लावलं, कारण शिट्टी काढायला वेळ झाला नाही. प्रेक्षकांत कुणाला फरक कळला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा आला नव्हता.

बाई मात्र म्हणाल्या, चोवीसच पाहिजे, त्याच्याशिवाय शेवट कोरडा वाटतो. नीट करून आण.

१८ मार्च, बुधवार

मामाला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेची एवढीशी खोली, आत मामा, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर बसलेली ताई सूर सोडत होती. मामा काचेतून तिच्या हाताकडे टक लावून बघत होता — तिचं बोट हललं की हा बटण दाबणार! लबाड! तिनं मग पाठ फिरवली. त्यानंतर मामा नुसता बसून राहिला.

ताई कागदावर रेघ काढत होती. रेघ सरळ जात होती आणि मग कड्यावरून पडल्यासारखी खाली. "मोठ्या आवाजाजवळ काम करता का?" तिनं विचारलं. मामा म्हणाला, "स्पीकरजवळ. बाकावर."

मला म्हणाली, "तूही बसतोस का? दोन मिनिटांचं काम." मी म्हटलं, माझे कान कपाचे आहेत, त्यात काय बघणार! ती हसली. मामा नाही हसला.

परत येताना रस्त्यात म्हणाला, "तुला मी ते तसं बोलायला नको होतं. कपाचं." एवढंच. आणि पुढे चालायला लागला. मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता, मी दंड धरून बाजूला ओढला त्याला.

आत्ता लिहिताना वाटतंय, सांगून टाकावं. पण सांगितलं तर बाक जाईल. आई तर घरातच घेणार नाही. आणि सांगून मामाचे कान थोडेच परत येणारेत?

१९ मार्च, गुरुवार

शिट्टी काढली! तो थर पुरता बंद करायचा तर मेनूत दहा ठिकाणी शिरावं लागतं. त्यापेक्षा त्याच्या आवाजाचं गोल बटण फिरवलं. दोन खाचा मागे नेलं आणि लगेच गायब! साफ! व्हायोलिन, 'आ', घंटा, बस. आकडे कशाला बघायचे, मामाचं म्हणणं खरंच आहे — कानाला कळतं. स्टोअर दाबलं.

मग हेडफोनवर अर्धा तास नुसता ऐकत बसलो. काय आवाज बनवलाय म्हाताऱ्यानं! घंटा तर किती मऊ. आधी इतकी मऊ नव्हती.

२१ मार्च, शनिवार

तालमीत चोवीस लावला. बाईंनी दोन्ही हातांनी कान झाकले. "कप! परत तीच शिट्टी!"

मला ती काहीच ऐकू येत नव्हती. म्हटलं, वायर खराब आहे बाई, बदलतो.

घरी येऊन फ्रिजचं दार उघडलं आणि उभा राहिलो. किती वेळ, माहीत नाही. शांत होतं सगळं. आई झोपेतून उठून ओरडत आली, "अरे लाव ते दार! केव्हाचं बोंबलतंय!"

टेबलाशी मामा पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली ठेवला. आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. शेजारची खुर्ची पायानं सरकवून पुढे केली.

ही वही ज्याच्या कुणाच्या हातात पडेल त्याच्या पाया पडतो — कुणाला सांगू नका. शिट्टी कुणी घातली ते सांगा हवं तर. पण हे दुसरं, कानाचं, नको. उद्या प्रयोग आहे.