चौदावा सांधा

म्हसावद, ता. शहादा
दि. २५ मे २०२५

चि. काजल हीस,
सा. न. वि. वि. (आशीर्वाद लिहीत नाही. आपल्यात मामा भाचीच्या पाया पडतो. तू फ्रान्सला शिकायला गेलीस म्हणून ते बदलत नाही.)

तिकडच्या सायकलवाल्यांना सांगायला यादी मागितलीस, ती अशी. मी स्वतःच्या हातांनी केलेलं: फ्रेम, पुढचं चाक धरणारा चिमटा, पुढचं आणि मागचं कॅरियर, दोन्ही मडगार्ड, स्टँड, बाटलीची कडी, ट्रॉलीच्या ताडपत्रीच्या चार पिशव्या (शिलाई दुहेरी, टाका चार मिलिमीटर), पिशव्यांचे आठ हुक आणि घंटी. घंटी शोभाच्या, म्हणजे तुझ्या मामीच्या, पितळी वाटीची आहे, तिला अजून माहीत नाही. न केलेलं: पाईप लुधियानाचे. चाकं, ब्रेक, चेन, गिअर विकतचे. सीट विकत घेऊन उसवली आणि पुन्हा भरली, ती निम्मी माझी धर.

फ्रेम आणि चिमट्याचे मिळून सांधे चौदा, सगळे पितळेने भरलेले. प्रत्येक सांधा रंगाआधी चार दिवस उघडा ठेवून रोज सकाळी मिठाच्या पाण्याने पुसला. पितळ आतपर्यंत पोचलं नसेल तर फटीतून तांबूस रेघ बाहेर येते. ही परीक्षा माझी मी शोधलेली आहे. आयटीआयमध्ये शिकवतात की नाही माहीत नाही, मी तिथे गेलेलो नाही.

ताईने, म्हणजे तुझ्या आईने, आधी साफ नाही म्हटलं होतं. परका देश, एकटी पोरगी, नदीच्या काठाने अकरा दिवस. मी कोरीटला जाऊन तिला सांगितलं की सायकल मी केलेली आहे. मग ती हो म्हणाली. तेव्हा ही परवानगी चौदा सांध्यांवर उभी आहे, हे ध्यानात असू दे.

पत्राचा फोटो काढून शोभा पाठवते. तूही कागदावर लिहूनच फोटो पाठव. फोनवर टाइप केलेल्याला मी उत्तर देत नाही. लोभ आहे तेवढा पुरेसा आहे, वाढला तर ना नाही.

तुझा मामा,
हेमकांत


सँ-सिर्क-लापोपी
दि. २ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

काल तुलूझहून रेल्वेने काओर गावी उतरले आणि लॉट नदीच्या काठाने वरच्या अंगाला निघाले. नदी आपल्या प्रकाशा गावाजवळच्या तापीएवढी नाही, पण कुणी दम दिल्यासारखी काठात राहते. दोन्ही बाजूंना पांढरे कडे आणि कड्यांना टेकून घरं. तुम्ही खड्ड्यांची नोंद ठेवायला वही दिली होती, ती अजून कोरी आहे.

एका ठिकाणी कड्याच्या पोटात छिन्नीने वाट कोरली आहे. पूर्वी नावा ओढून नेणारे तिच्यावरून चालत. रुंदी मोजली नाही. तुम्ही विचारणारच म्हणून आधीच सांगते.

आजचं गाव कड्याच्या टोकावर आहे. सायकल ढकलत चढले. इथे जुन्या काळी कातारी राहत आणि दारूच्या पिंपांना लाकडी तोट्या करत. एका दुकानातल्या बाईने तुमच्या पिशवीची शिलाई बोटाने चाचपली. मामांनी शिवली म्हटल्यावर विचारलं, मामा कुठल्या कंपनीत आहेत. मी म्हटलं, कंपनीच त्यांच्यात आहे. तिला पटलं.

एक बारीक गोष्ट. पुढचा ब्रेक दाबला की टक् असा आवाज येतो. एकदाच. घडवणाऱ्यासारखीच सायकलही एकदाच बोलते म्हणून मी लक्ष दिलं नाही.

मामीला नमस्कार. माया आहे तशीच असू द्या.

तुमची काजल


म्हसावद
दि. ३ जून

चि. काजल हीस,
सा. न. वि. वि.

माझ्या सायकलीत टक् नाही. ज्याअर्थी तू ऐकलास त्याअर्थी तो बाहेरून आलेला आहे. कारणं चार असू शकतात: हँडलचे छर्रे ढिले, पुढच्या चाकाचा नट सैल, कॅरियरच्या हुकाचा खेळ, नाहीतर तिकडची थंडी. पहिली तीन तपास. पुढचा ब्रेक दाबून धर, सायकल पुढेमागे हलव, दुसऱ्या हाताची बोटं हँडलखालच्या कपावर ठेव. मग नट आवळ. मग पुढच्या पिशव्या काढून तेच पुन्हा कर. प्रत्येक वेळी काय झालं ते वेगळ्या ओळीत लिही. सगळं एका वाक्यात कोंबू नकोस, तुझी ती सवय आहे.

कातारी लोकांचं वाचून बरं वाटलं. तोटीला आटे होते की नुसती खुंटी, ते लिहिलं नाहीस.

लोभ जपून वापर.

हेमकांत

(कडेला, मामीच्या अक्षरात) काजल, पहिला पत्रना फोटो काढी ऱ्हायनू तवय समजनं वाटी कोठे गई ते. वरीसभर डबा-डबा धुंडी ऱ्हायनू मी. तू पोट भरीसन खाय, मामानं सगळंच आयकू नको.


फिझाक
दि. ४ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

छर्रे: घट्ट आहेत.
नट: आवळला. आवाज तोच.
पिशव्या: काढल्या. आवाज तोच.
थंडी: नाही. आज एकतीस डिग्री होतं.

आवाज चिमट्याच्या वरच्या टोकाला, डाव्या बाजूच्या सांध्यातून येतो. बोट ठेवलं की बोटाला कळतो. तिथे रंगाला केसाएवढी रेघ आहे. रंगाचीच असेल. मिठाचं पाणी चार दिवस प्यायलेला सांधा आहे, म्हणून मी निवांत आहे.

फिझाक जुनं, दगडी आणि अरुंद गल्ल्यांचं आहे. एका चौकात जुन्या लिप्या कोरलेला काळा दगड जमिनीवर अंथरला आहे आणि लोक त्यावरून खुशाल चालतात. मीही चालले. आईला सांगू नका, अक्षरांवर पाय दिला म्हणून तिथून ओरडेल.

उद्या इथेच मुक्काम. परवा कोंक नावाच्या गावी. शेवटचे सहा किलोमीटर उतार आहे. नकाशात तो तोरणमाळच्या सात पायरी घाटासारखा दिसतो. तिथे तुमची सायकल सोडून देणार आहे, बघू किती पळते.

कळावे, कृपा आहेच.

काजल


म्हसावद
दि. ५ जून

काजल,

उतारावर सायकलीवर बसू नकोस. कारण खाली लिहितो, आधी हे वाक्य पाळ.

पहिल्या पत्रात प्रत्येक सांध्याला चार दिवस पाणी दिलं असं लिहिलं. ते तेरा सांध्यांपुरतं खरं आहे. चौदावा, म्हणजे चिमट्याचा डावा, गेल्या वर्षी आखाजीच्या दोन दिवस आधी भरला. तू आणि ताई सणाला इथे आलेल्या होत्या. शोभाने ठरवलं की सायकलीची पूजा आखाजीलाच करायची, आणि बिनरंगाच्या वस्तूला ती हळदकुंकू लावत नाही. मी एक दिवस पाणी दिलं. रेघ आली नाही. रंग मारला. दुकानातल्या वहीत 'चार' लिहिलं, कारण वरच्या तेरा ओळींत 'चार' होतं. शोभाचा दोष नाही. ब्रश माझ्या हातात होता आणि पेनही.

ती रेघ रंगाची नाही. माझा रंग असा फाटत नाही.

काल संध्याकाळपासून फोन करतोय, बंद येतो. सकाळी कोरीटला जाऊन ताईला सांगून आलो. तिने पुरतं ऐकून घेतलं. म्हणाली, पन्नास वर्षांत तुझ्या तोंडून चुकलं हा शब्द पहिल्यांदा ऐकला, लिहून दे. लिहून दिला. मग तिने विचारलं, पोरगी आत्ता कुठे आहे. तुझं पत्र वाचून दाखवलं: आज फिझाकला, उद्या उतारावर.

सायकल हाताने धरून चाल. कितीही अंतर असू दे. सपाटीलासुद्धा बसू नकोस.

हेमकांत

(कडेला) काजल, पत्र भेटनं का लगेच फोन कर. तुन्हा मामा धड जेवी नही ऱ्हायना.


कोंक
दि. ७ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर मी ठीक आहे एवढंच सांगता आलं, मामी रडायला लागली. बाकीचं लिहिते.

फिझाकमध्ये चार्जरची पिन तुटली आणि फोन बंद पडला. काल घाटमाथ्यावरच्या शेवटच्या वस्तीत एका कॉफीवालीकडे चार्जर मागितला. मी बिल देऊन हेल्मेट घालून उभी होते. फोन जागा झाला आणि तुमचं पत्र दिसलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं दुसऱ्याच कुणाचं आहे.

मग सायकल धरून सहा किलोमीटर उतरले. मागून नऊ सायकलवाले आले. नऊही जणांनी थांबून विचारलं, पंक्चर का. मी प्रत्येकाला सांगितलं, मामाचं पत्र आलंय. माझं फ्रेंच तेवढंच. एक जण म्हणाला, दुःख झालं ऐकून.

खाली ओढ्यावरच्या दगडी पुलाजवळ एमील म्हणून आजोबा राहतात, वय एकोणऐंशी. जन्मभर सायकलच्या फ्रेमी बनवल्या. आता गोठ्यात जुन्या सायकली टांगून ठेवल्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. त्यांनी रंग खरवडला. मिठाच्या पाण्याचं सांगितलं तेव्हा हसले नाहीत. मला विचारून करवतीने सांधा उभा कापला. तिसऱ्या हिश्शात पितळ गेलेलंच नव्हतं. उरलेल्यात तडा निम्म्यापर्यंत आला होता. त्यांनी बोट उताराकडे दाखवलं, मग माझ्या दातांकडे. तेवढं फ्रेंच मला येतं.

त्यानंतर उरलेले तेरा सांधे भिंगातून पाहिले. दीड तास. शेवटी विचारलं, हा माणूस कुठे शिकला. मी म्हटलं, कुठेच नाही, म्हसावदला. त्यांनी ते दोन्ही शब्द लिहून घेतले.

त्यांच्याजवळचा स्वतः केलेला एक चिमटा त्यांनी बसवून दिला, साठ युरो घेतले. आणि आता खरी गोष्ट. त्यांना ही सायकल हवी आहे. गोठ्यात दारासमोर टांगणार, खाली तुमच्या नावाची आणि गावाची पाटी. कापलेला चिमटाही शेजारी ठेवणार. मला पुढच्या प्रवासाला दुसरी सायकल देतील. रक्कम सांगितली ती मी वेगळ्या चिठ्ठीवर लिहिली आहे. सोबत फोटो आहे, बसून वाचा.

इथल्या देवळाच्या दारावर नरकात चाललेल्या लोकांची दगडी रांग आहे. त्यात खोटी नाणी पाडणारा आहे. वेल्डिंगवाला नाही. मी पूर्ण रांग पाहिली.

पुढे जाऊ का, असं आईला विचारलं. ती म्हणाली, मामाला विचार.

तुमच्या उत्तराची वाट बघत पुलावर बसले आहे.

काजल


म्हसावद
दि. ८ जून

चि. काजल हीस,
सा. न. वि. वि.

पुढे जा. याच सायकलीवर. पहिले दहा किलोमीटर सपाटीने, मग थांबून ब्रेक दाब आणि ऐक. आवाज नसेल तर उतार घे, पण सोडून देऊ नकोस. हे सगळं ताईला फोनवर शब्दाला शब्द वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरं.

एमीलभाऊंनी साठ युरो घेतले हे चांगलं केलं. फुकट करणाऱ्याचं काम मला पुन्हा तपासावं लागतं. त्यांना नमस्कार सांग. त्यांनी सांधा कापून पाहिला, तसा एक नमुना मी आधीच कापून पाहायला हवा होता. आज पाच नमुने भरून कापले. चार भरलेले निघाले. पाचवा पुन्हा करतो.

वहीतला 'चार' खोडून 'एक' केला. खाली तारीख आणि सही.

चिमट्याचे दोन्ही तुकडे कपड्यात गुंडाळून घेऊन ये. कापलेली बाजू पुसू नकोस, तेल लावू नकोस. तो माझ्या दुकानात टांगायचा आहे. तिकडे नाही.

सायकल द्यायची नाही. भाचीला दिलेली वस्तू मामा विकत नाही, हे त्यांना समजावून सांग. त्यांच्याकडे अशी रीत नसेल तर दोनदा सांग. शिवाय पाटीवर नाव माझं असणार आणि सायकलीत चिमटा त्यांचा. तेरा सांध्यांवर मी चौदा सांध्यांचं नाव लावणार नाही. त्यांनी दीड तास भिंगातून पाहिलं, हे मात्र मी इथे ज्याला-त्याला सांगतो आहे.

लोभ होता तितका अजून असेल तर कळव.

तुझा मामा,
हेमकांत

ता. क. शोभाने आत्ता विचारलं की नाही म्हणालात ते किती रुपयांना. तिच्याशी आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून खरा आकडा सांगितला. तुझ्याकडेही लेखी असू दे: दोन हजार चारशे युरो, म्हणजे आजच्या भावाने दोन लाख बत्तीस हजार आठशे रुपये.