थोडी कणकण

मी, श्रीमती वनमाला नारायणराव रणपिसे, वय ७४, निवृत्त परिचारिका, राहणार अणदूर, ता. तुळजापूर, जि. धाराशिव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने वा आग्रहाने नव्हे, स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. उत्कर्ष यांनी दिला आहे. शरीराचा दाखला मी स्वतः देते. दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत, डायलिसिससाठी सोलापूरच्या खेपा चालू आहेत, आणि मी आजारी आहे. हे शेवटचे वाक्य लिहायला मला सारे आयुष्य लागले, म्हणून ते कायद्याच्या कागदावर असू द्यावे.

कारण असे, की मी व माझे पती कै. नारायणराव मिशनच्या सेवेत मलावी देशात, सरोवराकाठच्या इस्पितळात होतो. तिथे आजार रुग्णांना होत, सेवकांना होत नसत. सेवकाला होई ती ‘थोडी कणकण’. हिवतापाने खाट हलू लागली तरी इकडे सोलापूरला मिशनच्या मंडळाला कळवायचे, थोडी कणकण आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा. सेवक आजारी पडला म्हणजे त्याचा विश्वास कमी पडला, आणि विश्वास कमी पडला की देणगीदार हात आखडतात, असे मंडळाचे वैद्यकशास्त्र होते. नारायणराव अशाच थोड्या कणकणीने वारले. आता मालमत्तेची व्यवस्था.

कलम १. मंडळाचे सचिव आण्णासाहेब यांनी माझ्या विषमज्वरात ‘धीर धरा’ अशी चौकट केलेली पाटी आणि रबराची गरम पाण्याची पिशवी धाडली होती. मलावीच्या उन्हाळ्यात गरम पाण्याची पिशवी! दोन्ही वस्तू न वापरलेल्या आहेत, त्या त्यांना परत द्याव्यात. नारायणराव ‘हसतमुखाने प्रभूकडे गेले’ असे त्यांनी मासिकात छापले होते. ते हसत नव्हते, त्यांचे दात वाजत होते. मी उशाशी होते, आण्णासाहेब सोलापुरात होते. माझ्या अंत्यविधीला त्यांनी जरूर यावे, जेवून जावे, पण भाषण करू नये. मी हसतमुखाने गेले असे कोणी म्हणाल्यास भर सभेत त्याला खाली बसवण्याचा अधिकार मी मल्लम्माला देते.

कलम २. ही मल्लम्मा माझी शेजारीण. शिवणयंत्र, दोन्ही शेळ्या आणि तांब्याचा हंडा तिला द्यावा. पहिल्या डायलिसिसनंतर मी ओठ दाबून पडले होते, तेव्हा ती म्हणाली, “सिस्टरबाई, वरडा की! तुमचा देव बोलू देत न्हाय व्हय तुमाला? आमी तर खंडोबाच्या दारात हुबं राहून भांडतो. त्यो कुठं रागावतोय?” त्या दिवशी मी इतकी ओरडले की समोरची म्हैस दावे तोडून पळाली. फार बरे वाटले. मल्लम्माला या कागदावर साक्षीदार व्हायचे होते, पण ज्याला काही मिळायचे त्याची साक्ष चालत नाही असे वकील म्हणाले. ती रुसली आहे. तिला चहा करायला सांगावे, म्हणजे राग जाईल.

कलम ३. माझी एकुलती एक मुलगी जाई त्याच इस्पितळात, त्याच मंडळाच्या सेवेत आहे. परवा फोनवर ती दिसली. तिथे ऐन उन्हाळा आणि पोरीच्या अंगात लोकरीचा स्वेटर. “काही नाही गं आई, थोडी कणकण आहे,” म्हणाली आणि वर हसली. मल्लम्मा माझ्या खांद्यावरून बघत होती. “हिला थंडी वाजतीया. डोळं बघा की, पिवळं पडल्यात,” एवढेच बोलली. मला ते आधीच दिसले होते. मी हे हसू ओळखते, ते मीच तिला शिकवले. मला फार भीती वाटते. म्हणून बँकेत जे काही आहे ते माझ्या मरणाची वाट न बघता जाईच्या परतीच्या तिकिटाला आणि औषधपाण्याला लावावे.

कलम ४. अणदूरचे राहते घर, अंगणातल्या लिंबासह, जाईला द्यावे. अट एकच, तिने माझ्या हयातीत घरी यावे आणि आजारी म्हणून यावे. सेवेचा अहवाल सोबत आणू नये. खाटेवर पडावे, कण्हावे, औषध कडू आहे म्हणून तक्रार करावी. ती न आल्यास घर माझा पुतण्या रणधीर याला जाईल. तो तिथे कर्ण्यावर रोगमुक्तीच्या सभा भरवील. स्वतःला साधे पडसे झाले तरी तो गुपचूप डॉ. उत्कर्षांकडे मागच्या दाराने जातो, हे गावाला ठाऊक आहे. जाई, बाबांनी लावलेल्या लिंबाला कर्णा टांगलेला तुला चालणार असेल तर खुशाल तिथेच राहा.

कलम ५. सरोवराकाठच्या दफनभूमीत नारायणरावांच्या उजव्या हाताची जागा मंडळाने माझ्या नावे राखून ठेवली आहे. मी आता तिथवर पोचत नाही, मला इथल्याच मातीत ठेवावे. ती जागा मात्र माझी आहे आणि ती मी कोणालाही देत नाही. मंडळाने ती दुसऱ्या कोणाच्या उपयोगाला आणू नये. जाई, तुला तर मुळीच नाही.

या कागदाची प्रत मी मेल्यावर नव्हे, आज सही होताच जाईला पाठवावी. वर लिहिले ते सर्व मी वाचून पाहिले, दोनदा रडले, आणि एक अक्षरही खोडले नाही.

सही: वनमाला ना. रणपिसे

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
१. डॉ. उत्कर्ष बलभीम मोकाशे, अणदूर
२. गोरोबा धोंडीबा घुगे, निवृत्त शिक्षक, अणदूर

ठिकाण: अणदूर
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४