विनंती विशेष

मेसईद, कतार
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. यापुढचं 'वि. वि.' या खेपेला मुद्दाम गाळलं आहे. का, ते पुढे येईल.

प्रथम एक गंभीर बाब. गोविंदरावांच्या हाती तू पाठवलेला मेतकुटाचा डबा पोचला. डब्यावरच्या चिठ्ठीत माझं नाव 'मधुसुदन' असं लिहिलं आहे. सु ऱ्हस्व. डॉक्टर मृणालिनीबाई, सूदन म्हणजे संहार करणारा. सुदन म्हणजे कोणीच नाही. मधु नावाच्या दैत्याला मारणाऱ्याचं नाव अण्णांनी हौसेनं ठेवलं, आणि तुम्ही सगळ्यांनी लाडानं त्याचा 'मधु' केला. म्हणजे मेलेल्या दैत्याच्या नावानं मला बावन्न वर्षं हाका मारल्या. तेही सोसलं. पण उरलेल्या अर्ध्या नावाचा उकार तरी शाबूत ठेवायचा होतास. तक्रार नोंदवून घ्यावी. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. मेतकूट उत्तम आहे, त्याला या वादात ओढलेलं नाही.

इथे सगळं ठीक. थंडी आहे, म्हणजे दुपारी एसी बंद ठेवता येतो. तुझी भावजय नुपूर बरी आहे. चिरंजीव गंधारला मराठीत काही विचारलं तर तो इंग्रजीत उत्तर देतो, इंग्रजीत विचारलं तर खांदे उडवतो.

मागच्या फोनवर तू विचारलं होतंस, तुझं हे ऑम्बड्समन प्रकरण म्हणजे नक्की काय. फोनवर मी 'कॉलनीतला लोकपाल' म्हणालो आणि तू हसलीस. हसण्यासारखंच आहे. आपल्याकडे लोकपाल म्हणजे इंद्र, वरुण, कुबेर ही मंडळी, प्रत्येकाला एकेक दिशा वाटून दिलेली. मेसईद दोह्याच्या दक्षिणेला. म्हणजे हुद्द्यानं मी यम ठरतो.

प्रत्यक्षात काम असं. वॉल्व्ह दुरुस्त करणारी आमची मध्यम आकाराची कंपनी, तिची इथे एकशे ऐंशी घरांची कॉलनी. नोकरी देणारी कंपनी, घर देणारीही तीच. घर गळलं, एसी बिघडला, तर भाडेकरूनं निवास विभागाकडे तक्रार करायची. तीस दिवसांत दाद लागली नाही तर माझ्याकडे यायचं. मी दोन्ही बाजू ऐकतो, घर बघतो आणि निर्णय देतो. तो निवास विभागावर बंधनकारक असतो. दिवसा डिझाइन विभागात नकाशे तपासतो, आठवड्यातले दोन दिवस यमाची खुर्ची.

दोन वर्षांत त्या खुर्चीवर माशी बसली नाही. निवास विभाग दर तिमाहीला अहवाल पाठवायचा: तक्रारी शून्य. मलाही बरं वाटायचं. प्रजा सुखी आहे, राजानं सुपारी कातरत बसावं.

मग डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी अमिना आली. रत्नागिरीची. नवरा कमाल आमच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. सोबत सात वर्षांची मुलगी अलीजा, हातात इन्हेलर. अमिना खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "सर, तुम्ही घर बघता ना? आमचं बघता काय ओ?"

मी म्हटलं, "आधी निवास विभागाकडे तक्रार केलीत का?"

तिनं पिशवीतून एक फाइल काढली. चौदा महिन्यांत सात पत्रं. एसीच्या डक्टमध्ये काळी बुरशी, भिंतीला ओल, मुलगी खोकते, रात्री धाप लागते. प्रत्येक पत्रानंतर एक माणूस यायचा, जाळी ओल्या फडक्यानं पुसायचा, 'काम पूर्ण' असं लिहून जायचा. सातवं पत्र तर मुलीला इस्पितळात ठेवलं होतं तेव्हाचं.

मी निवास विभागाच्या सुफियानला फोन लावला. रायगडकडचा मुलगा, गोड बोलतो, कामात चोख. म्हणाला, "सर, अमिनाभाभींची एकही तक्रार नाही. त्यांच्या नावावर सात रिक्वेस्ट आहेत, स्पेशल रिक्वेस्ट, सगळ्या क्लोज्ड."

"स्पेशल रिक्वेस्ट म्हणजे काय रे?"

"म्हणजे जादा चावी, पार्किंगचं स्टिकर, डिशचा अँटेना. तसलं."

पत्रं पुन्हा उघडली. पहिली ओळ प्रत्येकात एकच, इंग्रजीत: 'आदरपूर्वक नमस्कार आणि विशेष विनंती की.' ताई, ओळखलंस ना? सा. न. वि. वि. आपल्या मराठी शाळेत पत्राला दहातले दोन गुण ज्या चार अक्षरांना मिळायचे, ती जशीच्या तशी इंग्रजीत उतरली होती. निवास विभागाचा कॉम्प्युटर पहिल्या ओळीत 'स्पेशल रिक्वेस्ट' बघायचा आणि पत्र त्या कप्प्यात टाकायचा. खाली छप्पर पडल्याचं लिहिलं असतं तरी पार्किंगच्या स्टिकरशेजारीच गेलं असतं.

मी तो कप्पा मागवला. कॉलनीतल्या त्रेसष्ट पत्रांची सुरुवात हीच होती. रत्नागिरी, रायगड, पुणे, नाशिक, सगळे जात-धर्म विसरून विनंती विशेषवर एक झालेले. दोन वर्षांपूर्वी कोणा शहाण्यानं एका शुक्रवारी मराठी कुटुंबांना जमवून इंग्रजी अर्जाचा नमुना वाटला होता, ती साथ तिथून पसरली. असो.

निवास विभागानं लेखी कळवलं: तक्रारच नाही, म्हणून तीस दिवस मोजता येत नाहीत, म्हणून ऑम्बड्समनना अधिकार नाही. तर्क निर्दोष होता. न्यायशास्त्राचे आपले पेंडसे गुरुजी असते तर त्यांनी पाठ थोपटली असती. अधिकाराचा वाद कायदा विभागाच्या प्रमुखांकडे जातो, म्हणजे मुनीरा मॅडमकडे. त्या इथल्याच, दोह्याच्या. मोजकं बोलतात. हिंदी त्यांना समजतं, दुकानात आणि घरात ऐकून शिकलेल्या.

मी तयारीला लागलो. अकरा पानं लिहिली. विषय लोट् लकार, म्हणजे आज्ञार्थ. हसू नकोस. माझं म्हणणं असं की संस्कृतात आज्ञेचं आणि याचनेचं क्रियापद एकच. राजा म्हणतो 'देहि', आणि दारातला बटूही म्हणतो 'भिक्षां देहि'. तेव्हा शब्दाच्या रूपावरून विनंती की तक्रार हे ठरत नाही, बोलणाऱ्याच्या अवस्थेवरून ठरतं. इंग्रजीत भाषांतर करून तळटीपाही दिल्या. नुपूर म्हणाली, "त्या बाईंना हे सगळं वाचायला लावणार? मग निवास विभागच जिंकला म्हण."

चार तारखेला, मंगळवारी सुनावणी झाली. एका बाजूला सुफियान लॅपटॉप घेऊन, समोर अमिना आणि कमाल, मध्ये मुनीरा मॅडम, आणि मी पानं सरळ करत. सुफियाननं आपली बाजू मांडली, कुठेही आवाज न चढवता. शेवटी म्हणाला, "मॅडम, ही सगळी भाषा एकाच नमुन्यातली आहे," आणि क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसला.

मी पहिलं पान उचलणार, तेवढ्यात मॅडम अमिनाला हिंदीत म्हणाल्या, "तुम बोलो."

अमिना उभी राहिली. घाबरलेली होती. हिंदीत सुरुवात केली, पण ऐन वेळी मराठीच तोंडात आलं: "मॅडम, मेरी तक्रार है."

सुफियान हळूच म्हणाला, "मॅडम, त्यांना शिकायत म्हणायचंय. हिंदीत तकरार म्हणजे भांडण."

मॅडमनी हात वर केला. "थांबा. तकरार?" मग अमिनाकडे वळून, "तुमच्या भाषेत कंप्लेंटला तकरार म्हणतात?"

"हां मॅडम. मराठी में."

"आमच्याकडे, अरबीत, तकरार म्हणजे तेच पुन्हा करणं. पुन्हा पुन्हा." त्यांनी फाइल स्वतःकडे ओढली. "किती वेळा लिहिलंत?"

"सात बार."

मॅडम एकेक पत्र उलटत गेल्या. सातव्या पत्राशी आल्यावर त्यांनी इस्पितळाचा कागद वाचला आणि सुफियानला म्हणाल्या, "एकदा लिहिलं तर विनंती. मान्य. सात वेळा लिहिलं तर ही बाई जे नाव सांगतेय तेच त्याचं नाव. अधिकार आहे. खलास."

माझ्या हातातल्या अकरा पानांकडे बघून म्हणाल्या, "मिस्टर मधु, ते ठेवा. लागणार नाहीत."

आयुष्यभर व्युत्पत्ती सांगून मी लोकांना पळवून लावलं. तक्रार हा शब्द अरबीतून आला हे मला विद्यार्थी असल्यापासून ठाऊक आहे. आणि तो चालवला कोणी, तर हिंदी अडखळलेल्या अमिनानं. पाणिनीनं मला भर दरबारात तोंडघशी पाडलं, आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता. कमालनं बाहेर येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला.

त्यानंतर मी दोन दिवसांत घर पाहून निर्णय दिला. डक्टची जाळी काढायला गेलो तर अलीजा धावत आली, "अंकल, डोन्ट टच, इट्स डर्टी." आत शेवाळासारखा काळा थर होता, वास नाकात बसला. आदेश असा: कुटुंबाला चार दिवसांत कोरडं घर, जुन्या घराचे डक्ट बदलायचे, पुसायचे नाहीत, निवास विभागाचं लेखी माफीपत्र, अमिनाच्या नावानं, आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट विनंत्या तक्रार म्हणून पुन्हा उघडायच्या. सोमवारी अमिना नव्या घरात गेली. कॉलनीत तीस घरांत कामं सुरू आहेत. सुफियान स्वतः शिड्या लावून फिरतोय, भेटला की म्हणतो, "सर, आता मला स्वप्नातपण डक्ट दिसतात." या तिमाहीच्या अहवालात तक्रारी त्रेसष्ट. इतका सुंदर आकडा मी पाहिलेला नाही.

एवढं सांगून थांबलो तर तू म्हणशील, आणि तो शहाणा कोण? तू पहिल्याच वाचनात ओळखलं असशील. नमुना मी वाटला होता. मीच टाइप केला होता, मीच म्हटलं होतं की इंग्रजी असलं म्हणून आपली पत्राची मर्यादा सोडायची नाही, आदरपूर्वक नमस्कार, विशेष विनंती. खाली झोकात माझं नाव. सुफियानला ते माहीत होतं आणि सुनावणीत त्यानं माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मुनीरा मॅडमना लेखी कळवलं. त्यांनी 'नोंद घेतली' एवढंच उत्तर दिलं. मग सोमवारी नव्या घरी अमिनाकडे गेलो.

ती खोकी उघडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, मला म्हायत होतं. नमुन्याखाली तुमचं नाव नाय काय? म्हणून तर तुमच्याकडे आले. म्हटलं, शिकवलं यांनीच, आता वाचतीलपण हेच." आणि चहा ठेवायला गेली. ती रागावली असती तर सोपं झालं असतं.

ताई, खरं म्हणजे पत्र लिहायला बसलो ते यासाठी. नव्या घराच्या भिंती कोरड्या आहेत, एसी नवा आहे, आणि अलीजाच्या छातीतली शिट्टी थांबलेली नाही. काल मी गेलो तर ती जिना चढून आली होती आणि पायरीवर बसून राहिली, बोलायला दोन मिनिटं लागली. इथले डॉक्टर म्हणतात, वाट बघू, कमी होईल इन्शाल्ला. चौदा महिने ती पत्रं चुकीच्या कप्प्यात पडली होती. मुलांच्या छातीचं तू तीस वर्षं बघते आहेस. तिचे सगळे रिपोर्ट आणि एक्स-रेची प्रत सोबत जोडली आहे, हे सगळं घेऊन गोविंदराव रविवारी नाशिकला तुझ्याकडे पोचतील. नीट बघ आणि मला सांग, ही पूर्ण बरी होईल का. माझं मन राखायला काही लिहू नकोस. मला भीती वाटते की उशीर झाला आहे, आणि तो माझ्यामुळे झाला आहे.

रिपोर्ट वाचून झाल्याबरोबर फोन कर, मी कामावर असलो तरी.

तुझा भाऊ