काटकोनात वळणारी बंदूक, चालू स्थितीत

भिवंडी,
सोमवार, दुपारचे अडीच

ती. तात्यांच्या चरणी भिवंडीहून केसरीनाथचा साष्टांग नमस्कार (कमरेमुळे अर्धाच घालतो आहे, उरलेला मनाने समजून घ्यावा).

तुमचे गुडघे, डोळ्याचं ऑपरेशन आणि गच्चीतली चवळी, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. बदलापूरचे डास कमी झाले का? इकडे मी बरा आहे. सुचेताही बरी आहे, पण तुमची बहीण असल्यामुळे तसं कबूल करत नाही. फोनच करणार होतो. पण गेल्या वेळी तुम्ही फोन उचललात, ‘थांब, चष्मा आणतो’ म्हणून खाली ठेवलात आणि जेवायला बसलात. तुमच्याकडे कढी होती हे मला भुरक्यांवरून कळलं. म्हणून हे पत्र. शिवाय जे सांगायचं आहे ते मोठं आहे आणि मध्ये कुणी ‘मुद्द्याचं बोला’ म्हटलं की माझा मुद्दाच हरवतो.

माझा छंद तुम्हाला ठाऊक आहेच. शाळेच्या प्रयोगशाळेत छत्तीस वर्षं परीक्षानळ्या मोजून मी निवृत्त झालो आणि दुसऱ्या दिवसापासून जगातल्या चमत्कारिक लष्करी बंदुकांचा अभ्यास सुरू केला. चांगल्या बंदुकांचा नाही हो, त्यांचा अभ्यास कुणीही करतो. माझा विषय म्हणजे ज्या बंदुका मोठमोठ्या सैन्यांनी गंभीर चेहऱ्याने बनवून घेतल्या आणि मग त्यांचं काय करायचं ते त्यांनाच कळेना, अशा. (मी स्वतः आयुष्यात एकदाच छर्रा मारला, जत्रेत. तो फुगा सोडून फुगेवाल्याच्या किटलीला लागला.) आता इंग्रजांच्या आरमाराचंच बघा. त्यांनी सात नळ्या एकत्र बांधलेली बंदूक केली. घोडा एक, गोळ्या सात. ती उडवली की शत्रूचं काय व्हायचं ते नंतर, आधी उडवणाऱ्याचा खांदा जायचा आणि ठिणग्यांनी स्वतःच्याच जहाजाची शिडं पेटायची भीती. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा सुचेता म्हणाली की घरात एक आहे तेवढी पुरे, तिला नळी एकच आहे पण ती बंद होत नाही.

हे सगळं ऐकून घेणारा माणूस भिवंडीत एकच, अब्दुलभाई. तुम्ही त्यांना आमच्या तनयाच्या लग्नात पाहिलं आहे. मांडवातला बंद पडलेला पंखा ज्यांनी जेवणाच्या पंगतीतून उठून सुरू केला, ते. त्यांचे आठ पॉवरलूम आहेत आणि लूम बिघडला तर मिस्त्री न बोलावता ते स्वतः खाली सरपटतात. चाळीस वर्षं मी रोज चार वाजता त्यांच्या कारखान्यात चहाला जातो. लूमच्या खडखडाटात मला ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे माझं व्याख्यान गल्लीलाही फुकट मिळतं.

एकदा मी त्यांना लंडनच्या एका वकिलाची गोष्ट सांगितली. या गृहस्थाने तीनशे वर्षांपूर्वी तिपाईवरची फिरती बंदूक काढली आणि योजना अशी केली की ख्रिस्ती शत्रूवर गोल गोळ्या झाडायच्या आणि तुर्कांवर चौकोनी. चौकोनी जास्त दुखते म्हणे. अब्दुलभाईंनी चहा बशीत ओतला, विचार केला आणि विचारलं, “आन तू? तू ना ख्रिस्ती, ना तुर्क. तुला कंची?” मी चपापलो. वकिलाने माझी सोयच केली नव्हती. मग ते म्हणाले, “मी पन तुर्क न्हाय. मी भिवंडीचा हाय. म्हंजे आपल्या दोघांना ती बंदूक लागूच न्हाय.” आणि बशी संपवली. तेव्हापासून ते माझ्या अभ्यासात भागीदार झाले.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी कोपऱ्याआडून गोळी मारायला वाकड्या नळीची बंदूक केली होती. नळी पुढे जाऊन वळायची, गोळीही बिचारी वळायची, आणि वळता वळता कधी कधी तिचे तुकडे व्हायचे. नळी थोड्याच गोळ्यांत निकामी होई. पायदळासाठी वळण बेताचं होतं, पण रणगाड्यात बसणाऱ्यांसाठी चक्क काटकोनाचा नमुना होता. वज्रेश्वरीला गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून बसणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांचं एक मंडळ आहे. त्यांनी मला ‘काहीही बोला, पण तासभर बोला’ असं आमंत्रण दिलं, तेव्हा हाच विषय धरला. नुसतं बोलून लोकांना वळण कळणार नाही, म्हणून अब्दुलभाईंना प्रतिकृती करायला सांगितलं. नुसती दाखवायची, असं मी म्हणालो होतो. निदान म्हणायचं मनात होतं.

पण अब्दुलभाईंच्या हाताला नुसतं दाखवायचं काही करताच येत नाही. त्यांनी लोखंडी नळीत वाळू ठासली, ती लालभडक तापवून गुडघ्यासारखी वळवली. जर्मनांच्या नळीला धूर जायला भोकं होती, ती मी पाडून घेतली. (“यात बारूद न्हाय, मग भोकं कशाला?” “इतिहासासाठी.” “बरं.”) मागे लूमची जुनी स्प्रिंग बसवली आणि गोळी म्हणून सूत गुंडाळायच्या लाकडी कांडीचा बोटभर तुकडा. ट्रायल घेतल्याशिवाय त्यांचा माल बाहेर जात नाही. त्यांनी आठ नंबरच्या लूमसमोर उभं राहून खटका ओढला आणि तीन नंबरवर ठेवलेला माझा चहा सांडला. वर त्यांची आणखी एक रीत आहे: कुठलंही यंत्र रिकामं द्यायचं नाही, कांडी भरूनच द्यायचं, म्हणजे घेणाऱ्याला लगेच सुरू करता येतं. ही रीत मला चाळीस वर्षं माहीत आहे. त्या दिवशी आठवली नाही.

आणि माझीही एक रीत आहे. प्रयोगशाळेत दरवर्षी मोजदाद व्हायची तेव्हा प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लागायची आणि चिठ्ठीवर दोनच शेरे चालायचे: ‘चालू स्थितीत’ किंवा ‘निर्लेखित’, म्हणजे मोडीत. तिसरा शेरा लिहिला की वरून पत्र यायचं. त्यामुळे मी वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहून नळीला दोऱ्याने बांधली: ‘नग एक. बंदूक, काटकोनी. जर्मन सैन्य, १९४४. निर्मिती: अब्दुलभाई, भिवंडी. चालू स्थितीत.’ निर्मितीमध्ये त्यांचं नाव मी मानाने घातलं होतं, तात्या. हे मी आजही शपथेवर सांगतो.

बंदूक चादरीत गुंडाळून एसटीत बसलो. वळणाचं तोंड बाहेर राहिलं होतं. पुढच्या बाकावर सुकटीची टोपली मांडीवर घेतलेल्या ठमाबाई होत्या (ओळख बसमध्येच झाली). त्यांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाल्या, “बेसिनचा पाइप हाय का? आमचा पन असाच गळतो.” मी त्यांना जर्मनीपासून सुरुवात करून समजावलं. अंबाडीच्या थांब्यावर तपासणीसाठी एक हवालदार चढले, सावळाराम नावाचे, अत्यंत सज्जन मनुष्य. ते पुढे एका पिशवीत डोकावत होते. मी म्हटलं, कुणाकडे नळी रोखून बसणं बरं दिसत नाही. म्हणून निव्वळ सुरक्षिततेच्या विचाराने ती खिडकीकडे वळवली. तात्या, जगात एकच बंदूक अशी आहे जी सुरक्षिततेसाठी खिडकीकडे वळवू नये, आणि तीच माझ्या हातात होती! खटका बाकाच्या दांडीला अडकला. कांडी खिडकीकडे निघाली, वळणावर तिने विचार बदलला आणि थेट पुढे जाऊन सावळारामांची टोपी उडवली. टोपी सुकटीत पडली. ठमाबाई म्हणाल्या, “आता नीट झाला बगा पाइप.”

सावळारामांना लागलं नाही, पण त्यांनी चिठ्ठी वाचली. ‘चालू स्थितीत’ हे शब्द त्यांनी दोनदा वाचले.

चौकीत मी खरं म्हणजे गप्प बसायला हवं होतं. पण तिथल्या साहेबांनी कागदावर ‘गावठी बंदूक’ असं लिहिलं आणि मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, साहेब, गावठी कशी, रचना अस्सल जर्मन आहे. मग ते म्हणाले की बंदुकांची बरीच माहिती दिसते. मी अभिमानाने म्हटलं, बरीच नाही, सगळी. आणि सात नळ्यांपासून सुरू केलं. चौकोनी गोळ्यांपर्यंत आलो तेव्हा साहेबांनी पाणी मागितलं, स्वतःसाठी. मग त्यांनी अब्दुलभाईंना बोलावून घेतलं.

ते बिचारे बनियनवर शर्ट चढवून आले आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिले. एवढंच म्हणाले, “साहेब, नळी माझी हाय. जर्मन हा हाय.” साहेबांनी आम्हाला घरी सोडलं, बंदूक ठेवून घेतली. पण कागद तसाच राहिला आणि त्यावर अब्दुलभाईंचं नाव राहिलं. तात्या, पुढच्या महिन्यात ते आणि रशिदाभाभी मक्केला उमऱ्याला निघालेत. बारा वर्षांपासून ठरवत होते, दरवेळी एखादा लूम आडवा यायचा. दोघांचे पासपोर्ट नवे व्हायचेत आणि पोलीस तपासणी व्हायची आहे. साहेब म्हणाले की हे शस्त्र आहे की नाही याचा निकाल लागेपर्यंत पासपोर्टचा कागद पुढे सरकणार नाही. मी मानाने घातलेलं नाव त्यांना असं आडवं आलं. आज नऊ दिवस झाले, ते माझ्याशी बोलत नाहीत. मी चार वाजता घरीच बसतो. सुचेता चहा देते, चांगला असतो. पण मला ओरडल्याशिवाय चहा गोड लागत नाही आणि ओरडलं तर ती ओरडते. खूप वाईट वाटतं.

असो. बाकी सर्व क्षेम. चवळीला राख घालावी, मावा जातो.

तुमचा आज्ञाधारक,
केसरीनाथ

ता. क. – पत्राचं कारण लिहायचं राहिलं. साहेब म्हणाले आहेत की शस्त्रांतल्या एखाद्या जाणकाराने येऊन एक ओळ लिहून दिली तर प्रकरण मिटेल. तुम्ही सरकारी शस्त्र कारखान्यात चौतीस वर्षं काढलीत. या शुक्रवारी यावं. तुम्ही कँटीनमध्ये होतात हे सांगायची काही गरज नाही, कुणी विचारणारही नाही. एवढंच म्हणायचं: ‘शस्त्र कारखान्यात चौतीस वर्षं होतो, असली बंदूक कधी पाहिली नाही.’ यात एक अक्षर खोटं नाही. आणि ही चालत नाही, एवढं जोडावं.

ता. क. २ – ‘चालत नाही’ हे जोडू नये. रशिदाभाभी आत्ता येऊन गेल्या. वरची योजना त्यांनी घरी सांगितली, तर अब्दुलभाईंचा निरोप आला की “पासपोर्ट ऱ्हायला तर ऱ्हायला, पन माझ्या हातचा माल चालत न्हाय असं कोनी लिवायचं न्हाय.” रशिदाभाभी म्हणतात, मग मी एकटी जाते, हा माणूस नळीजवळ बसू दे. तेव्हा तुम्ही असं लिहावं की ती उत्तम चालते, पण बंदूक नाही. कसं ते गाडीत सुचेल.

ता. क. ३ – मंगळवार. पाकीट चिकटवलं होतं, परत उघडलं. काल संध्याकाळी साहेबांनी स्वतःच निकाल लावायचा ठरवला. कांडी भरली, चौकीतली सगळी माणसं पाठीमागे उभी केली, नळी रिकाम्या भिंतीवर रोखली आणि खटका ओढला. सावळाराम तेवढे उजवीकडे चहा घेऊन येत होते. टोपी पुन्हा गेली. साहेबांनी जागच्या जागी लिहिलं, ‘ज्याच्यावर रोखावे त्याला जे कधीही लागत नाही, ते शस्त्र नव्हे.’ माझ्या सगळ्या अभ्यासाचं सार त्यांनी एका ओळीत काढलं, याचा मला किंचित मत्सर वाटतो. आज सकाळी पासपोर्टचे कागद पुढे गेले.

बंदूक अब्दुलभाई स्वतः घेऊन आले. चार वाजता, माझ्या घरी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते चहाला इकडे आले. चिठ्ठी तीच होती, पण ‘जर्मन सैन्य, १९४४’ त्यांनी पेनाने खोडलं होतं आणि ‘निर्मिती’पुढे स्वतःच्या नावाशेजारी माझं नाव लिहिलं होतं. ‘चालू स्थितीत’ हे तसंच ठेवलं होतं. मी ते वाचलं आणि मला बोलता येईना. सुचेता म्हणते, हा खरा चमत्कार, याचा अभ्यास करा.

तेव्हा तात्या, आता साक्षीला येऊ नका, चहाला या. कारखान्यातच या, मी आणि अब्दुलभाई तिथेच असू. फक्त आत येताना दारातून सरळ या, डावीकडे थांबू नका. त्यांनी दुसरी नळी डावीकडे वळणारी केली आहे आणि ट्रायल बाकी आहे.