आप्पांना गाडी लागली

३ नोव्हेंबर, सोमवार
आप्पांना गाडी लागली. बायकोला, ईश्वरीला, एवढंच सांगितलं तर ती लिंबू आणायला उठली. म्हटलं, तशी नव्हे, बक्षिसात लागली.
पोस्टानं स्क्रॅच कार्ड आलंय. कुठला तरी 'निरामय सुवर्ण ड्रॉ'. आप्पांनी नाण्यानं खरवडलं, खाली चारचाकीचं चित्र. वडील शहात्तर वर्षांचे. या वयाची माणसं अशा फ्रॉडला लगेच फसतात. परवाच मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. अर्धाच, पण मुद्दा कळला.
आजपासून आप्पांचं संरक्षण ही माझी जबाबदारी.

४ नोव्हेंबर
झेरॉक्सची गिऱ्हाइकं परत पाठवली. आप्पांना दुकानात बसवून ओटीपी, लिंक, प्रोसेसिंग फी, सगळं समजावलं. ऐकता ऐकता झोपले. जागे झाल्यावर म्हणाले, मी त्या नंबरला फोन तरी केलाय का? मग कशापायी डोकं खातो?
हाच ओव्हरकॉन्फिडन्स. व्हिडिओत हेच होतं.
कार्ड जप्त केलं. नंबर माझ्या फोनमध्ये सेव्ह केला. पोलिसांना लागला तर.

८ नोव्हेंबर
परवा आप्पांच्या फोनला सेटिंग केलं, अनोळखी नंबर आपोआप ब्लॉक. आज बहिणीचा, वर्षाराणीचा, आष्टीहून मला फोन. रडत होती. दोन दिवस आप्पांचा फोन लागत न्हाई, खरं काय ते सांग, म्हणाली. तिचा नंबर आप्पांना पाठ. सेव्ह केलाच नव्हता. यात माझी काय चूक? उलट मलाच बोलणी बसली. सेटिंग काढलं.

१० नोव्हेंबर
या घरात जनजागृती शक्य नाही. आता थेट गुन्हेगारच पकडायचा. आवाज म्हातारा करून, आप्पांच्या नावानं फोन लावला. पलीकडे कुणी अभिमन्यू सर. लई सभ्य माणूस. मला काका म्हणाला, गुडघे कसे हायेत विचारलं. माझे गुडघे चार वर्षं दुखतात, घरात एकानं विचारलं नाही.
प्रोसेसिंग फी मागितली. म्हटलं, सापडला. लगेच भरली. पैसे गेल्याशिवाय पुरावा तयार होत नाही.
शेजारच्या गॅरेजवाल्या मतीनला प्लॅन सांगितला. पाना खाली ठेवून म्हणाला, स्वतःचे पैसे देऊन कोण चोर पकडतंय बे. याला तपासातलं काही कळत नाही.

१३ नोव्हेंबर
अभिमन्यू सरांकडून पावती आली. शिक्का, सही, इंग्रजी मजकूर. कलर प्रिंट काढून फाइल केली. आता टॅक्स मागतायत. भरला. केस मजबूत होत चालली.
गाडीचा रंग कोणता, असं विचारलं. पांढरा सांगितला. संशय येऊ नये म्हणून.

१५ नोव्हेंबर
दुकानासमोरची जागा टेपनं मोजली. मतीनच्या दुरुस्तीच्या मोटरसायकली सरकवल्या तर चारचाकी बसते. त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, गाडी खरंच येणार हाय असं वाटतंय का तुला? म्हटलं, तपासात सगळ्या शक्यता धराव्या लागतात.

१८ नोव्हेंबर
आता इन्शुरन्स. खात्यात शिल्लक नव्हती. आप्पांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ठेवलेल्या पैशांतून भरला. तात्पुरता. डिलिव्हरी झाली की, म्हणजे अटक झाली की, परत ठेवीन.
ईश्वरीला सांगितलं नाही. तिला उगाच टेन्शन.

२१ नोव्हेंबर, सकाळ
आज गाडी येणार. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. ईश्वरीनं विचारलं, कुठं लग्नाला? म्हटलं, साक्षीदार म्हणून उभं राहायचंय. मग हार आणि नारळ कशाला आणला, असं तिनं विचारलं. बायकांना नको तिथं लक्ष.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ
आली नाही. सरांचा फोन बंद. धारूरचा घाट चढताना रेंज जाते, तेच असणार.

२२ नोव्हेंबर
फोन बंदच. घाट एवढा लांब नाही.

२४ नोव्हेंबर
अंबाजोगाईच्या दवाखान्यातून फोन आला. ऑपरेशनची तारीख मिळाली, पैसे भरा म्हणाले. फोन ईश्वरीनं घेतला. मग सगळं सांगावं लागलं. पुराव्याची फाइलही दाखवली. ती आत जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच.
आप्पा ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी टोपी घातली, म्हणाले, चप्पल घाल. १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, लावून फोन माझ्या हातात दिला. मग पोलीस स्टेशनला नेलं. मी साहेबांना स्टिंग ऑपरेशन समजावत होतो. ते म्हणाले, त्याच दिवशी कळवलं असतं तर पैसे अडवता आले असते, आता अवघड हाय. मग लिहायला घेतलं. फसवणूक झालेल्याचं वय विचारलं. मी सवयीनं शहात्तर म्हणालो.
आप्पा म्हणाले, एकोणपन्नास. माझं पोरगं हाय.
साहेबांनी मान वर करून बघितलं आणि लिहिलं.
येताना नालीच्या कडेला आप्पांचा पाय घसरला. कड दिसलीच नाही त्यांना. मी त्यांचा दंड धरला. घरापर्यंत तसाच धरून आणला. दारात म्हणाले, डोळ्याचं उन्हाळ्यात बघू, एवढी काय घाई न्हाई.
मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.