राक्षसाचं तोंड

ता. ७ जानेवारी १९६३
मुंबईचे सिनेमावाले आले. तंबूत लागतात ना राक्षसाची, मारामारीची पिक्चरं, त्यांची टिंगल करणारं पिक्चर काढणार. पैसा कमी, म्हणून नट आमच्या कोळीवाड्यातलेच. राक्षस दर्यातून येणार, आम्ही बायांनी टोपल्या टाकून बोंबलत पळायचं. राक्षस कोण, तर आमचे हे! छातीच्या दुखण्यानं दर्या सुटला तेव्हापासून ओट्यावर बसून असतात. आज उठून दाढी केली.

ता. ८
राक्षसाचा वेश बघितला. फाटकं जाळं, काथ्या, वर कागदाचं मुंडकं. डायरेक्टरला बोलले, "तोंड झाकलंत तर माझा माणूस दिसंल कसा?" तो हसतो. "मावशी, राक्षसाला कोण ओळखायला येतंय?" मेला.
हे जेवले न्हाय.
लग्न नवं होतं तेव्हा खाडीपलीकडं तंबू लागायचा. होडीनं जायचो. येताना हे होडीत उभे, वल्हं म्हणजे तलवार. मी वरडायचे, "बसा खाली, बुडवाल!" काय हसायचो. तेव्हापासनं एकच ध्यास, एकदा पडद्यावर दिसायचं.

ता. ९
झालं एकदाचं. राक्षस पाण्यातून निघाला. डायरेक्टर वरडला, "पळा!" पळालो. पण पाण्याकडं! जल्मभर होडी लागली की मासळीसाठी टोपली घेऊन पुढं धावलो, पाय दुसरीकडं वळतात कुठं. शेजारची चांगुणा सगळ्यांच्या पुढं. "ह्यो म्हावरा माझा!" म्हणत तिनं जाळं धरलं. मी दुसऱ्या बाजूनं खेचलं. मुंडकं निघून पाण्यात. आत हे, खो खो हसतायत. "सोडा गो, जिता हाय मी!"
डायरेक्टरचा डोक्याला हात. मुंडक्याचा लगदा, दुसरं करायला पैसा न्हाय. क्यामेरावाला म्हणतो, सगळं घेतलंय. "ठेवायचं का कापायचं, ते मुंबईत बघू," एवढं बोलून डायरेक्टर गाडीत बसला.

ता. २० डिसेंबर
पलीकडं तंबू लागलाय. आमचंच पिक्चर, उद्या. गावातल्या कोणीच अजून बघितलं न्हाय. ह्यांचा दम वाढलाय. नका येऊ म्हटलं तर डोळे वटारले.

ता. २१
सकाळपासून धुतलेला सदरा घालून बसलेत. मघाशी हळूच म्हणाले, "कापलं असंल तर गो?"
"तर तंबूचे बांबू उपटते."
बोलले खरी. भाकऱ्या बांधल्या, सोडल्या, परत बांधल्या. चांगुणा हाका मारतीय, भरती लागली. ह्यांना धरून होडीपर्यंत न्यायचंय.