कार्ड मीच भरून आणलं

शनि. ५ जुलै
भाकरी थापत होते. नेहा फोन घेऊन शेजारी उभी. "आई, ह्यात काहीतरी घाण आहे." पाहिलं. तसले व्हिडिओ. एक नव्हे, बरेच. माझं पहिलं वाक्य : "तू उघडलंसच कशाला?" आठवीतली पोर. फोन ओट्यावर ठेवून आत गेली. जेवली नाही.

रवि. ६
ह्यांना सांगितलं. फोन कपाटात. "जव्हारची शाळा बंद. रोज एसटीनं जाते, कोणाकोणात बसते काय माहीत! आत्याकडे ठेवू." नेहा एवढंच म्हणाली, "बाबा, मी काही केलं नाही." मी भांडी आवरत राहिले. का?

मंगळ. ८
मोखाड्याला ऑफिसात बसल्याबसल्या आठवलं. खोडाळ्यात घरी रेंज धड नाही, म्हणून गुरुवारी इथल्याच मोबाइलच्या दुकानातून नेहासाठी मेमरी कार्ड भरून आणलेलं. विज्ञानाचे धडे, थोडी गाणी. मीच! दुपारी दुकान गाठलं. दुकानदार हसला. "मॅडम, एकाचं दुसऱ्यात जातं कधीकधी. डिलीट मारा ना." गिऱ्हाइकं ऐकत होती. भांडायला गेले होते, मान खाली घालून निघाले.

बुध. ९
ह्यांना सगळं सांगितलं. "कार्ड तू आणलंस, कबूल. पण दोन दिवस तिच्याकडे होतं ना? पोटभर बघून मग आली असेल." मी संतापले. पण तीच शंका माझ्याही मनात येऊन गेली होती, इथे तरी खरं लिहावं. भांडून शाळा तेवढी वाचवली. "पुन्हा काही कानावर आलं तर बघ," हे म्हणाले.
नेहाला म्हटलं, चूक माझी होती. "बरं," म्हणाली. वेणीसुद्धा आता स्वतःच घालते.

गुरु. १७
शेजारच्या वनिताकाकू भाजी विकायला जव्हारला जातात, नेहाच्याच गाडीनं. त्यांनी आज अडवलं. "काय गं बाय, यष्टीत एक बाप्या पोरीच्या तोंडापुढं मोबाइल धरतो, नको ते दाखवतो. तुला नाय सांगितलं तिनं?"
नाही सांगितलं.
"मी झापला त्याला. आता माझ्या पाट्यांपाशी बसवतंय तिला."
संध्याकाळी नेहाला विचारलं, मला का नाही सांगितलंस? दप्तर भरत राहिली. मग, वर न बघता, "काकू काही विचारत नाहीत. सरकून जागा देतात."
ह्यांना सांगितलं तर शाळा सुटते. नाही सांगितलं, आणि उद्या काकू गाडीला नसल्या तर…